बिनिताची कोरी पाठ

मी शिट्टी वाजवली. पुन्हा तोच फाऊल.

"खो तोंडाने द्यायचा आणि हातानेही," मी म्हटलं. "दोन्ही एका वेळी. हात पाठीला लागला पाहिजे."

"लागला मिस," सृजना म्हणाली. ती टीमची कॅप्टन.

"नाही लागला. मी इथूनच पाहिलं."

ज्यांनी खो-खो शाळेनंतर पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानाच्या मधोमध एका रेषेत आखलेल्या आठ चौकोनांत आठ जणी उकिडव्या बसतात. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी समोरच्या टीमच्या खेळाडूंचा पाठलाग करते, पण टोकाच्या खांबाला वळसा घातल्याशिवाय तिला मधली रेषा ओलांडता येत नाही. म्हणून ती बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारते आणि "खो" म्हणते. मग ती उठते, पहिली तिच्या जागी बसते. थाप न मारता नुसतं "खो" म्हटलं तर फाऊल. फाऊल झाला की पाठलाग करणारीला उलटं फिरावं लागतं आणि तेवढ्यात समोरची निसटून जाते. मॅच हातची जायला असे दोन-तीन फाऊल पुरतात.

आमचा फाऊल नेहमी पाचव्या चौकोनात होत होता. पाचव्या चौकोनात बिनिता बसायची.

हे सगळं पश्चिम नेपाळमधल्या एका डोंगरगावात चाललं होतं. आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. माझं माहेर कारंजा घाडगे, सासर अल्लीपूर. मी शाळेत खेळ शिकवते, नवरा निखिल गणित शिकवतो. बी.पी.एड.ला माझ्या वर्गात दुर्गा नावाची नेपाळी मैत्रीण होती. ती बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती आणि तिच्या शाळेच्या मुलींची मोठी मॅच तोंडावर आली होती. तिने विचारलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील का? मी निखिलला विचारलं. तो म्हणाला, त्यांच्याकडे गणिताचा मास्तर आहे का विचार. नव्हता. आम्ही निघालो.

सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "लोकायचे पोट्टे हनिमूनले शिमल्याले जाते. आमचे खो-खो शिकवाले चालले." पण पिशवीत तिखटाचा डबा त्यांनीच भरला.

आमची राहायची सोय सृजनाच्या घरी होती. वर आमची खोली, खाली चूल. घरात सृजनाची आजी, तिला सगळे हजुरआमा म्हणायचे. सृजनाचे आईवडील शहरात कामाला. मी नवी नवरी, हे कळल्यावर हजुरआमाने पहिल्याच संध्याकाळी मला अंगणात बसवून केसांना मोहरीचं तेल लावलं. "बुहारी" म्हणायला लागली. बुहारी म्हणजे सून. तिला हिंदी बरं समजायचं. आमचं सगळ्यांशी बोलणं मोडक्या हिंदीतच चालायचं, इथे मी ते मराठीत देते.

तर, पाचवा चौकोन.

माझ्या धंद्यात चूक सापडली की आधी तंत्र तपासायचं. खो देणारी उशिरा हात पुढे करते का? वेगात वाकता येत नाही का? मी मुलींना भिंतीवर थापा मारायला लावल्या. भिंतीवर सगळ्यांच्या थापा बरोबर पडत होत्या. मग मी बिनिताला पाचव्यातून दुसऱ्या चौकोनात बसवलं. फाऊल दुसऱ्या चौकोनात गेला. सातव्यात बसवलं, फाऊल सातव्यात.

बिनिताचंही एक होतं. ती टीममधली सगळ्यांत वेगवान मुलगी. उठली की सुसाट. पण ती खो द्यायची नाही. खांबापर्यंत धावायची, वळसा घालून पलीकडून यायची, धाप लागेपर्यंत एकटीच पाठलाग करायची. मला वाटलं, हिला स्वतःच गडी मारायची हौस आहे. अशा मुली प्रत्येक टीममध्ये असतात.

आमच्या अल्लीपूरच्या मैदानावर मी एक युक्ती वापरते. मुलींच्या तळहातांना खडूची पूड लावते आणि खेळवते. खेळ संपला की पाठी बघायच्या. पंजा उमटला असेल तर थाप बसली. पंजा कमरेवर असेल तर खाली बसली, खांद्यावर असेल तर वर. वाद घालायचं काम नाही. तिथे शाळेत काळे फळे होते. निखिलने दिवसभराचा डस्टर एका डब्यात झटकून ठेवला. मुलींचे टी-शर्ट गडद निळे होते. पूड छान दिसणार होती.

अर्धा तास खेळलो. मग मी सगळ्यांना माझ्याकडे पाठ करून एका ओळीत उभं केलं.

पाठी पांढऱ्या झाल्या होत्या. पंज्यावर पंजे. बिनिताची पाठ कोरी होती. धुऊन इस्त्री करून आणल्यासारखी.

"हात दाखवा," मी म्हटलं. बाकीच्यांच्या तळहातांवरची पूड गेली होती. बिनिताच्या हातावर ती जशीच्या तशी. तिच्या पाठीला कोणी हात लावला नव्हता आणि तिनेही कोणाच्या पाठीला लावला नव्हता. ती एकटी धावत होती, कारण खो द्यायची तिला सोय नव्हती.

मग बिनिताच म्हणाली, "बरं झालं मिस. मला शर्ट धुवावा लागणार नाही."

दोघी-तिघी हसल्या. तीही हसली. मी नाही हसले.

माझे वडील कारंज्याला बसस्टँडजवळ पुस्तकांचा स्टॉल लावतात. स्वतः पत्रकं लिहितात, छापतात, वाटतात. अक्षरओळख मला पाठ्यपुस्तकाच्या आधी पत्रकांवर झाली. "माणूस" हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा जोडून वाचला. माझे आजोबा लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेला गेले होते. अशा घरातल्या मुलीला कोरी पाठ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

मी सृजनाला बाजूला घेतलं. "खरं सांग."

ती वाईट मुलगी नाही. तिने खरं सांगितलं. "मिस, तिला शिवलं की हजुरआमा घरात घेत नाही. सोनं बुडवलेलं पाणी आणते, अंगावर शिंपडते, मग आत. तोपर्यंत अंगणात उभं राहायचं. कधी हजुरआमा गोठ्यात असते, कधी झोपलेली असते. रोज कोण उभं राहील?"

"आणि बाकीच्या?"

"त्यांच्याही घरी कोणीतरी आहे."

इतकं साधं. कोणी बिनिताचा द्वेष करत नव्हतं. फक्त अंगणात उभं राहायचा कंटाळा होता.

मी हेडसरांकडे गेले. हेडसर भला माणूस. त्यांनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या शाळेत असं काही नाही. कायद्याने बंद आहे."

"कायद्याने बंद आहे सर. मैदानात चालू आहे."

"मग असं करा. ती धावते चांगली. तिला राखीव ठेवा. पुढच्या वर्षी बघू."

"राखीव मुलीला सिलेक्टर बघणार नाही. तिचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष आहे."

त्या मॅचला जिल्हा संघाचा सिलेक्टर येणार होता. बिनिताला जिल्ह्याच्या टीममध्ये जागा मिळाली तर शहरातल्या होस्टेलमध्ये राहून पुढे शिकता येणार होतं. नाही मिळाली तर तिचं लग्न ठरणार होतं. हे तिने मला नाही, निखिलला सांगितलं होतं, गणिताच्या तासानंतर.

हेडसर कप खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाहुण्या. सुट्टी संपली की जाल. आम्हाला इथेच राहायचं आहे."

"बिनितालाही इथेच राहायचं आहे, सर."

"तुम्ही काय कराल?"

"नऊ जणी उतरतील तर बिनितासकट उतरतील. नाहीतर मी टीम उतरवणार नाही."

हे म्हणायला मला एक मिनिट लागलं नाही. बाहेर आल्यावर मी सरळ खोलीची वाट धरली.

खोलीवर येऊन मी निखिलला म्हटलं, "उद्या प्रार्थनेनंतर बोलतो मी. सगळ्या शाळेसमोर. आता गप नाही बसत."

तो वह्या तपासत होता. "बोल न. चांगलंच बोलशीन तू. पोरी टाया वाजवतीन."

"मंग?"

"मंग काय? टाया वाजवतीन अन् घरी जातीन. खो तं तसाच राहीन."

"तू काऊन असा थंड बोलून राह्यला?"

"थंड नाई. हिशोब सांगून राह्यलो. अडचण शाळेत नाई. अडचण त्या अंगणात हाये." त्याने खिडकीतून खाली बोट दाखवलं. खाली हजुरआमा तेलाची बाटली उन्हात ठेवत होती. माझी वाट बघत होती.

मी बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिले. एवढे दिवस ही बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. मी तिच्या चुलीपाशी बसून भात खात होते. तिने माझं आडनाव विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिला त्यातून काही कळलं नसतं. डोंगराच्या पलीकडे आमच्या आडनावाचा अर्थ पोचत नाही.

"सांगू का तिले?" मी म्हटलं.

निखिलने पेन ठेवलं. "खोली जाईन."

"जाऊ दे."

"तेलही जाईन," तो म्हणाला. मग वह्या मिटून, "सांग. मी येतो संग."

हजुरआमाने नेहमीसारखं मला पायरीवर बसवलं. तिने केस मोकळे केले. मी समोर बघतच बोलले. "हजुरआमा, बिनिताला तुम्ही जे मानता ना, आमच्याकडे माझ्या आजोबांना तेच मानायचे. निखिलच्याही. त्यांनाही विहिरीवर येऊ द्यायचे नाहीत."

तिचा हात थांबला.

"आता?" तिने विचारलं.

"आता आम्ही मानत नाही. पण तुमच्या हिशोबाने मी तीच."

"मग लग्न कोणत्या बाहुनाने लावलं?" बाहुन म्हणजे तिकडचा भटजी.

"बाहुन नव्हता."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

तिने कंगवा माझ्या शेजारी पायरीवर ठेवला आणि आत निघून गेली. माझी अर्धी वेणी तशीच.

पुढचं सृजनाने सांगितलं, हसू दाबत. हजुरआमाने पाण्याची वाटी घेतली, कानातलं काढून त्यात बुडवलं आणि घराच्या मधोमध उभी राहिली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. पाट? कंगवा? भाताचं पातेलं? उशी? स्वतःचे हात? इतक्या दिवसांत मी सगळ्यालाच हात लावला होता. शेवटी तिने वाटीतलं पाणी तुळशीला घातलं आणि झोपून टाकलं.

सृजना हसत होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा चुलीपाशी मिळाला नाही. दोन पेले जिन्याच्या पायरीवर ठेवलेले होते. हजुरआमा मला "मिस" म्हणाली.

ते पेले बघून मला काय झालं, ते लिहीत नाही. माझ्या घरात अशा पेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. मी त्या फक्त ऐकल्या होत्या. निखिल खाली बसला, पेला उचलला आणि म्हणाला, "चहा तं चांगला केला म्हातारीनं." मग मीही बसले.

फोनवर बाबा म्हणाले, "तुम्ही तिथं फिराले गेलते का आग लावाले?"

"चहा पिऊन राह्यलो बाबा, पायरीवर."

मग म्हणाले, "बसून राय मंग. उठजो नको."

सृजनाने पायरीवरचे ते पेले पाहिले होते. त्या दुपारी मैदानात तिच्याकडे पाठलाग आला. ती वाऱ्यासारखी बिनिताच्या मागे पोचली. मी शिट्टी तोंडात धरली होती. थाप असली बसली की बिनिता पुढे कोलमडली. निळ्या टी-शर्टवर पाच बोटं उमटली.

"हळू ना," बिनिता म्हणाली.

"ऊठ आधी, पळ," सृजना ओरडली.

संध्याकाळी सृजना घरात गेली नाही. आमच्याबरोबर पायरीवर बसली. हजुरआमा दारात वाटी घेऊन आली.

"ये, शिंपडते."

"पाणी नको. तशीच घेत असशील तर येते."

"तशी नाही घेणार."

"मग इथेच जेवते. मिसबरोबर."

दोन-चार दिवस असेच गेले. आम्ही तिघं पायरीवर, हजुरआमा आत एकटी. मैदानात एकेक हात बिनिताच्या पाठीवर पडायला लागला. एक मुलगी सरावाला यायची बंद झाली, घरच्यांनी थांबवलं. तिच्या जागी मी राखीवमधली घेतली. हेडसर मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायचे, पाठी बघायचे, जायचे. आता ते राखीवचं नाव काढत नव्हते.

एका संध्याकाळी हजुरआमा स्वतःचं ताट घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. आम्ही बाहेर, ती आत, मध्ये उंबरा. "एकटीला घास उतरत नाही," ती सृजनाला म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. पण भात मलाही वाढला, हात लांब करून. जेवण झाल्यावर सृजना उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली. हजुरआमाने वाटी आणली नाही.

मला वाटलं, काम झालं. पण झालं नव्हतं. बिनिता अजूनही खो देत नव्हती.

"का?" मी विचारलं.

ती मैदानातले खडे उचलत होती. "मिस, त्यांनी मला हात लावला तर ती त्यांची मर्जी. मी लावला तर तो माझा गुन्हा. उद्या कोणाच्या घरी म्हैस आटली तरी माझंच नाव येईल. तुम्ही तेव्हा इथे नसाल."

मी एवढंच म्हटलं, "मी तुला खो दे म्हणणार नाही. तू ठरव. टीममध्ये तू आहेसच."

मॅचच्या दिवशी सगळं गाव कठड्यावर बसलं होतं. समोर जिल्ह्याच्या गावची टीम, त्यांचे बूट आमच्यापेक्षा चांगले. हजुरआमा पहिल्या रांगेत, छत्री घेऊन. बिनिताच्या आईला कठड्यावर जागा होती, पण ती खाली उताराला उभी होती. निखिल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

आमच्या मुलींनी चांगली सुरुवात केली. बिनिताला खो मिळत होते, खणखणीत. ती उठायची, धावायची, एकटीच धावायची. समोरची एक उंच मुलगी तिला दमवत होती. बिनिता खांबाला वळसा घालून आली तेव्हा तिचे पाय जड झाले होते. उंच मुलगी मधल्या रेषेवरून सुळकन पलीकडे गेली. बिनितासमोर सृजनाची पाठ होती. सृजनाचं तोंड बरोबर त्या उंच मुलीकडे.

"दे," सृजना मागे न बघता ओरडली. "बिनिता, दे की."

बिनिता थांबली. मी तिच्याकडे बघत होते, ती कठड्याकडे बघत होती. हजुरआमाने छत्री मिटली.

मग थाप ऐकू आली. "खो" त्याच क्षणी. दोन्ही एका वेळी, पुस्तकात लिहिल्यासारखं. सृजना उठली आणि दोन उड्यांत उंच मुलीला बाद केलं. त्यानंतर बिनिताने किती खो दिले ते मी मोजले नाही. जणू वर्षानुवर्षांचे साठवून ठेवलेले होते.

मॅच आम्ही हरलो. त्यांच्या बचावातल्या दोघी आमच्या हाती लागल्याच नाहीत. पण स्पर्श न करता खो दिल्याचा एकही फाऊल आमच्यावर लागला नाही, आणि कोच म्हणून मला त्याचा अभिमान आहे. मी जिंकलेल्या कपांपेक्षा जास्त.

सिलेक्टरने बिनिताला निवडलं. हेडसरांना कारण सांगताना तो म्हणाला, "पळतात तर बऱ्याच. ही वेळेवर खो देते." हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

सृजनाचं नाव यादीत नव्हतं. घरी पोचलो तर हजुरआमा अंगणात उभी, कमरेवर हात. "ए बुहारी," ती कडाडली, "त्या उंच पोरीला बाद कोणी केलं? माझ्या नातीने. मग तिला का नाही घेतलं? तू काय करत होतीस?"

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्या दिवशी ती मला पुन्हा बुहारी म्हणाली, एवढं लक्षात आहे. निघायच्या दिवशी तिने केसांना तेल लावलं, घट्ट वेणी घातली. चुलीपाशी मात्र बोलावलं नाही. आम्ही तो उंबरा जिंकला असं मी लिहिणार नाही. पण ती पाण्याची वाटी सृजनासाठी परत बाहेर आली नाही, आणि सृजनाच्या फोनवर आता बिनिता होस्टेलमधून व्हिडिओ कॉल करते तेव्हा हजुरआमा मागून तोंड घालून विचारते, जेवलीस का?

बाबांनी मला या सगळ्याचं चार पानांचं पत्रक लिहायला सांगितलं. ते हे. जरा लांबलं.

शाळा सुरू झाल्यावर मी अल्लीपूरच्या मैदानात पहिल्याच दिवशी खडूच्या पुडीचा डबा काढला. निखिलने डस्टर झटकून भरून दिला होता. इथे पूड फक्त थाप कुठे बसली ते बघायला लागते, असं मला आधी वाटायचं. आता मी आधी पाठी बघते, मग बोलते. मुली विचारतात, मॅडम, रोज पूड कशाला? मी त्यांना पुस्तकातला नियम सांगते. नुसता तोंडाने दिलेला खो धरत नाहीत. हात पोचावा लागतो.